मशीनची दृष्ट

१२ जून २००६, सोमवार

ही वही यांची. पहिल्या अकरा पानांवर यांच्या हातच्या नोंदी आहेत. तूर कधी टाकली, पाऊस कधी आला, कोणत्या बैलाचा खूर दुखला. शेवटची नोंद सप्टेंबर २००३ ची. पुढची पाने कोरी राहिली होती. आजपासून मी लिहिते.

आज उपकेंद्रात मशीन आले. आमचे उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पुढच्या खोलीत कोकिळा सिस्टर बसते, मागच्या खोलीत फ्रिज आहे. फ्रिजमध्ये लहान मुलांच्या लसी आणि सापाच्या विषावरच्या औषधाच्या कुप्या. लोडशेडिंग रोज दहा-बारा तासांचे. नागपूरच्या एका संस्थेने प्रयोग म्हणून हे मशीन दिले. वीज गेली की फ्रिज याच्यावर चालणार.

सोबत अंकित नावाचा इंजिनिअर आहे. पंचविशीचा, नागपूरचाच. मला मावशी म्हणतो.

"मावशी, याले फ्युएल सेल म्हणतात. एका बाजूनं सिलिंडरमधला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं आपली हवा. दोघांची गाठ पडली का वीज निघते. धूर नाई, जाळ नाई. निघते ते पाणी."

नोंदी ठेवायला गावात वाचणारे माणूस पाहिजे होते. प्रभाकरराव सरपंच म्हणाले, "देवकाबाईले द्या. ते पुड्याचा कागद वाचल्याशिवाय चुलीत टाकत नाई."

मी चौथी शिकले. बाकीचे पुड्यांवरच शिकले, हे खरे आहे.

सहा महिने मशीन नीट चालले तर इथे कायमचे राहणार, आणि आजूबाजूच्या दहा गावांत बसवणार. अंकितने हे सांगितले तेव्हा मी फ्रिजकडे पाहत होते. यांना घोणस चावली तेव्हा औषध याच फ्रिजमध्ये होते. तीन दिवस वीज नव्हती. दार उघडले तर आतून गरम हवा आली. कुप्या टोचल्या. लागू पडल्या नाहीत.

हे मी अंकितला सांगितले नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे.

२० जून

आठ दिवस झाले. वीज जाते, मशीनचा पंखा भिरभिरतो, फ्रिज चालू राहतो. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडे लिहिते. मशीनचा आकडा २५.२ आहे, तो पंचवीसच्या आसपास राहिला पाहिजे. वीसच्या खाली गेला तर मशीन आपोआप बंद होते. फ्रिजचा काटा दोन ते आठमध्ये राहिला पाहिजे. तो चारवर आहे.

मशीनच्या मागून नळीतून पाणी ठिबकते. खाली मी गिलास ठेवते, दिवसाला दोन भरतात. शेजारची रीता पाहायला आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "काकू, हे तं मुतून राह्यली." तिचा नवरा बंडूही हसला. प्रभाकररावांनी एक बाटली ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी नेली.

अंकित म्हणाला, आकाशात जाणारे लोक हेच पाणी पितात. मी एक घोट पिऊन पाहिला. कशाचीच चव नाही. तीन वर्षे मला जेवण असेच लागते, त्यामुळे नवल वाटले नाही.

८ जुलै

अंकित सिलिंडर बदलायला आला. एक सिलिंडर अकरा दिवस पुरते. ते खोलीबाहेर मागच्या भिंतीला जाळीच्या पिंजऱ्यात उभे असते. पिंजऱ्याजवळ विस्तव न्यायचा नाही, बिडी ओढायची नाही, हा त्याचा पहिला नियम.

चहा पिता पिता सांगत होता. परदेशात यावर बस चालतात. मोबाइलचे टॉवर चालतील, दवाखाने चालतील, पाणबुड्या चालतात. आत एका पातळ पडद्यावर प्लॅटिनमची पूड असते, नजरेला दिसणार नाही इतकी थोडी. सगळी करामत तिची. सोन्याहून दुर्मिळ, म्हणून मशीन घरोघरी जात नाही.

मी विचारले, "हायड्रोजन कुठून आणता?"

"कारखान्यात करतात. गॅसपासून."

"तिथं धूर होत असन."

"होते."

"मंग इथला धूर तिथं नेला म्हणा ना."

तो हसला. म्हणाला, "मावशी, आमच्या मीटिंगमध्ये हे कोणी बोलत नाई. पुढं मागं उन्हाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढता येईन. आपल्याकडे ऊन कमी हाय का?"

ऊन कमी नाही. पुढे मागे म्हणजे कधी, ते त्याला माहीत नव्हते. जाताना मला इंग्रजीचा शब्दकोश देऊन गेला. मशीनचे पुस्तक इंग्रजीत आहे.

१५ ऑगस्ट, मंगळवार

शाळेचे झेंडावंदन झाल्यावर सगळे मशीन पाहायला आले. देवळीहून तालुक्याचे साहेब लोक, अल्लीपूरहून जीपभर माणसे. प्रभाकररावांनी सगळ्यांपुढे मोठ्याने सांगितले, "दोन महिने झाले, एक दिवस खंड नाई. असं मशीन जिल्ह्यात नाई." माणसे दाराशी रेटारेटी करत होती. एक बाई एकटक पाहत राहिली, डोळे मिटेना.

मला बरे वाटले नाही. आमचे लग्न झाले त्या वर्षी असेच लोक यांच्या बैलजोडीकडे पाहत उभे राहायचे.

२३ ऑगस्ट, पोळा

कोकिळाला चिकनगुनिया झाला आहे. सांधे धरले, उठता येत नाही. उपकेंद्राची किल्ली माझ्याकडे.

संध्याकाळी बैल मिरवून परत आले, घरोघर बायकांनी त्यांची दृष्ट काढली. आज अमावस्या. मशीनला कोण आहे? कुंकू लावायला मी चालत नाही, पण दृष्ट काढायला चालते. मूठभर मीठ, मोहरी, पाच सुक्या मिरच्या घेतल्या. अंकितचा नियम पाळला. पिंजऱ्याकडे गेलेच नाही. निखाऱ्याचे घमेले दारात ठेवले. वीज नव्हती, मशीन चालू होते. सात वेळा ओवाळले आणि टाकले.

मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या झाल्या. ठसका आला नाही. धूर सरळ रेघेत मशीनकडे गेला आणि पंख्याने आत ओढून घेतला. खोलीत वासही राहिला नाही. माझी सासू म्हणायची, मिरची जळून ठसका आला नाही तर समजावे, दृष्ट लागली होती. किती लागली होती ते आज कळले.

रजिस्टरात याला रकाना नाही. इथे लिहून ठेवते.

१ सप्टेंबर

आकडा २४.३. दोन महिन्यांत इतका कधी उतरला नव्हता. अंकितला कळवले. तो म्हणाला, पावसाळी हवा आहे, चढेल.

उद्या शनिवार. पुन्हा दृष्ट काढते.

९ सप्टेंबर

२३.५. दोन शनिवार दृष्ट काढली. दोन्ही वेळा ठसका नाही.

सिलिंडर नवव्या दिवशी संपले.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज पितृपक्षातली चतुर्दशी. साप चावून, पाण्यात बुडून, हत्याराने गेलेल्यांचे आज करतात. यांचे आज. दिराच्या मुलाने पान वाढले. मी मशीनचे पाणी एका वाटीत घालून बाजूला ठेवले. जगात याहून स्वच्छ पाणी नाही असे पुस्तकात आहे. कावळ्याने भाताला चोच लावली, पाण्याकडे पाहिले नाही.

दुपारी अंकित आला. आकडा २२.९. गॅस कुठून गळतो का ते पाहायला प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. डोके धरून बसला.

"मावशी, काही वेगळं झालं का इथं? कोणी हात लावला?"

"कोणी नाई. मी कोणाले येऊच देत नाई."

मला दृष्टीचे सांगावेसे वाटले. शिकलेले पोर, हसेल, म्हणून राहिले.

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजन. नांगर, विळे, शिवणयंत्र सगळ्यांना हळदकुंकू लागते. रीता आणि दोन सवाष्णी मशीनला कुंकू लावून गेल्या. मी दाराबाहेर उभी होते. मला कोणी "बाहेर राहा" म्हटले नाही. म्हणावे लागत नाही.

त्या गेल्यावर आत गेले. आकडा २१.४. गेल्या शनिवारीही दृष्ट काढली होती, आज दुप्पट मोहरी घेतली. यांना चावली त्या दिवशी मी शेतात नव्हते, माहेरी होते. आता इथे आहे तर माझ्या हाताने जेवढे होईल तेवढे करायचे. घमेले मशीनच्या अगदी जवळ नेले. सगळा धूर आत गेला.

१९ ऑक्टोबर

अंकितला पुण्याला नोकरी लागली. निरोप घ्यायला आला. आकडा २०.१ पाहून म्हणाला, "प्लॅटिनमले काहीतरी होऊन राह्यलं मावशी. पण काऊन, ते समजत नाई." मशीनचे जाड पुस्तक माझ्याकडे ठेवून गेला. पत्ता लिहून दिला.

मी त्याला दिवाळीचा चिवडा बांधून दिला. पिशवी घेताना त्याने पाय धरले. मला पोर नाही, त्यामुळे पाय मागे घ्यायचे भान राहिले नाही.

४ नोव्हेंबर

मशीन बंद पडले. वीज अकराला गेली, मशीनने दहा मिनिटे दम धरला, मग आकडा १९.८ आणि पंखा थांबला. पाचला वीज आली तेव्हा फ्रिजचा काटा सतरावर होता. कोकिळाने लसी आणि सापाच्या कुप्या बर्फाच्या डब्यात भरून देवळीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवल्या. ती अजून लंगडते.

म्हणाली, "काकू, तुम्ही कायले रडता? वस्तू हाय, बिघडते."

११ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर शब्दकोश आणि पुस्तक घेऊन बसले. एका ओळीला एक तास लागतो. चौसष्टाव्या पानावर एक तक्ता आहे. मशीनला काय चालत नाही त्याचा. धूळ. रंगाचा वास. धूर. आणि एक शब्द, सल्फर. शब्दकोशात काढला. गंधक. त्याची वाफ हवेतून आत गेली तर प्लॅटिनमला चिकटते. सुटत नाही. एकदा गेली तर शक्ती घटते, पुन्हा पुन्हा गेली तर मरते.

आमच्याकडे गंधक कुठून येणार, असे म्हणून पान उलटले.

संध्याकाळी शाळेत जाऊन दहावीचे विज्ञानाचे पुस्तक मागून आणले. कांदा, लसूण, मोहरी. यांच्या उग्र वासात गंधक असते.

मग ही वही उघडली. पोळा. २ सप्टेंबर. ९ सप्टेंबर. ३० सप्टेंबर. दसरा. शेजारी आकडे मांडले. मोहरी टाकली की दोन-तीन दिवसांत आकडा उतरला आहे. मधल्या दिवसांत तो जवळजवळ जिथे होता तिथेच थांबलेला.

ठसका आला नाही, कारण धूर मशीनने गिळला होता.

१३ नोव्हेंबर

जेवले नाही. कोकिळाला सांगितले.

"काकू, चूप राहा. कोणाले मालूम नाई. तुमचं नाव कायले खराब करता?"

"माह्या नावाचं काय करू मी? मी सांगतलं नाई तं ते म्हणतीन, मशीनच नापास हाय. दहा गावाचं जाईन."

"आन् सांगतलं तं?"

सांगितले तर त्यांना कळेल की मशीन चांगले होते. नवा पडदा घालतील, दारावर पाटी लावतील, धूर करू नये. दहा गावांत मिळेल. आमच्या गावात नाही मिळाले तरी.

अंकितला पत्र टाकले. सगळे लिहिले, तारखांसकट.

६ डिसेंबर

पत्र परत आले. त्या पत्त्यावर तो राहत नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार

मशीन न्यायला संस्थेचे मोठे साहेब आले. सोबत दोन कामगार. मी कागद तयार ठेवला होता, एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला आकडे. काय बोलायचे ते पहाटेपासून तोंडात घोळवत होते. तिथे गेल्यावर पहिले वाक्यच उलटे निघाले.

"साहेब, मशीन वाईट नाई. माह्यामुळं गेलं. म्या त्याची दृष्ट काढली."

साहेबांनी चष्म्यातून पाहिले. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाले, "आजी, मशीनला कुणाची नजर लागत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"नजर नाई साहेब. धूर. मोहरीत गंधक रायते. पान चौसष्ट पाहा."

"हो, हो."

मी कागद दिला. त्यांनी वरून खाली वाचला. "पोळा. शनिवार. शनिवार. शनिवार. दसरा." मग माझ्याकडे पाहून हसले. "म्हणजे मुहूर्त पाहून बिघडलं म्हणता?"

कामगार हसले. प्रभाकररावही हसले. ते दारात उभे होते. म्हणाले, "साहेब, तीन वर्षांपासून देवकाबाईचं असंच हाय. नवरा गेला ना."

मी पुन्हा सांगितले. पडदा बदला, मशीन चालेल. साहेब लिहीत होते. लिहिता लिहिता मान हलवत होते, लहान मुलाचे ऐकताना हलवतात तशी. कागद त्यांनी घडी करून मला परत दिला.

अहवालावर माझी सही लागते, नोंदी माझ्या म्हणून. सही करण्याआधी मी शेवटच्या दोन ओळी पाहून पाहून वहीत उतरवून घेतल्या. त्यांना वाटले, मला अक्षरांची हौस आहे.

कामगारांनी मशीन उचलले तेव्हा नळीतून पाण्याचे चार-पाच थेंब फरशीवर पडले.

१५ डिसेंबर

त्या दोन इंग्रजी ओळी शब्दकोशावरून लावल्या. गावातल्या लोकांत अंधश्रद्धा फार आहे, त्यांच्या हाती असे यंत्र टिकणार नाही. दहा गावांचे काम पुढे नेऊ नये.

खोटे लिहिले असे म्हणवत नाही.

२ जानेवारी २००७

फोडणीत मोहरी टाकत नाही. तिचा दोष नाही, पण हात जात नाही.

कुप्या आता देवळीलाच राहणार म्हणून फ्रिज कोकिळाने बंद करून टाकला. आत आता जन्माची आणि मरणाची रजिस्टरे ठेवते. उंदरांपासून सुरक्षित राहतात म्हणते.

१४ मार्च

पेपरात लहानशी बातमी होती. पुढच्या वीस वर्षांत देशात हायड्रोजनवर गाड्या धावतील असे दिल्लीत कोणी बोलले. कापून वहीत ठेवली. धावतील. मी ते खोटे समजत नाही. मला माहीत आहे ते चालते. पोळ्यापर्यंत दोन महिने बारा दिवस मी रोज पाहिले आहे.

२६ जून २००७, मंगळवार



सोयाबीनची पेरणी चालू आहे. साडेदहाला रीताचा बंडू शेताच्या धुऱ्यावरचा दगड उचलायला गेला. घोणस. अकराला त्याला खाटेवर उपकेंद्रात आणले. पाय मांडीपर्यंत सुजला होता. कोकिळाने पाय हलू नये म्हणून फळी बांधली आणि जीपला फोन केला. जीप यायला अर्धा तास, तिथून देवळी पन्नास मिनिटे. आज वीज होती. डोक्यावरचा पंखा चालू होता.

बंडूला मागच्या खोलीत फ्रिजशेजारी झोपवले. भिंतीवर मशीनचा चौकोन अजून उजळ दिसतो. बंडूच्या हिरड्यांतून रक्त येत होते. तो फ्रिजकडे पाहून म्हणाला, "काकू, याच्यात नाई का आता?"

"नाई रे बाप्पा. देवळीले हाय."

रीताने माझा पदर धरला. "काकू, जीप येतवर त्यायची दृष्ट काढा. काल नवं बियाणं पाहाले सारं गाव आलतं. काढून द्या."

मी म्हणाले, "त्यानं काही होत नाई रीता. मले मालूम हाय."

"मंग दुसरं काय करता?"



मी घरी गेले. मोहरी डब्याच्या तळाशी होती, सहा महिने हात न लावलेली. निखारे आणले. सात वेळा ओवाळले, टाकले. पंखा वरून हवा खाली लोटत होता. धुराला जायला कुठे जागा नव्हती. रीता खोकली, कोकिळा खोकली, बंडू खाटेवर वाकडा होऊन खोकला. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. सगळ्यांना ठसका लागला, रस्त्यावरच्या माणसांनाही.

म्हणजे दृष्ट लागलेली नव्हती. साप चावला होता, आणि औषध देवळीला होते.

जीप ११.५० ला निघाली. आता दीड वाजला आहे, देवळीहून निरोप आलेला नाही. वीज अजून आहे.